साठ रोजे, बिनमोसमी

“आत्ता कसला रोजा?”

मन्नतीचे, म्हणजे नवसाचे, रोजे ठेवायचे असतील तर या प्रश्नाची सवय करून घ्यावी लागते. रमजानमध्ये तो कुणी विचारत नाही. तेव्हा मुंब्र्यात पहाटे साडेतीनला खिडक्यांमध्ये उजेड असतो, खालच्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज येतो, मशिदीच्या भोंग्यावरून सहरीचा, म्हणजे पहाटेच्या खाण्याचा, वेळ संपत आल्याची हाक येते, आणि संध्याकाळी कौशापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भजी, फळं, शेवयांचे ठेले लागतात. रोजा तुम्ही ठेवता हे अर्धंच खरं, उरलेला अर्धा महल्ला ठेवतो. तोच रोजा नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी ठेवून बघा. पहाटे अख्ख्या इमारतीत दिवा फक्त तुमच्या स्वयंपाकघरात, आणि दुपारी लॅबमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला की सगळ्यांची नजर तुमच्याकडे. “उपास आहे” म्हटलं की डब्यातला बटाट्याचा चिवडा पुढे येतो. “पाणीपण नाही?” हा त्याच्या पुढचा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी, “पण रमजान तर होऊन गेला ना?”

माझ्यावर असे साठ रोजे होते.

मी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माहेर म्हसळ्याकडचं, सासर श्रीवर्धनच्या बाजूचं, राहणं मुंब्र्यात. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई मसलकाचे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शाफई परंपरेचे. आमच्या गावांमध्ये घरटी एक माणूस तरी आखातात नाहीतर बोटीवर. माझे मिस्टर बोटीवर, इंजिन रूममध्ये फिटर. सप्टेंबर २०१९ मध्ये नऊ महिन्यांच्या करारावर चढले, म्हणजे जून २०२० मध्ये उतरायला हवे होते. मार्चमध्ये करोनामुळे बंदरं बंद झाली. माल उतरत होता, माणूस उतरू देत नव्हते. बोटीवरच्या माणसाला सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण त्या वर्षी नियमाला विचारतो कोण. वर्ष संपत आलं तेव्हा जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे कराराची मुदत संपूनही समुद्रावर अडकलेले होते. आम्ही बायका आपापल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकींना विचारत बसायचो, तुमचे कुठे, आमचे कुठे.

त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ते थेट श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावरच येऊन धडकलं. दुपारनंतर सासरचा एकही फोन लागेना. सासूबाई आणि धाकटे दीर गावच्या घरी, मिस्टर कुठल्याशा समुद्रात, त्यांच्याकडे नेट नाही. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर मी मुसल्ल्यावरच बसून होते आणि तोंडातून निघून गेलं, “या अल्लाह, हे सुखरूप घरी आले तर मी तुझ्यासाठी साठ रोजे ठेवीन.” साठच का, मला आजही सांगता येणार नाही. तीस म्हणाले असते तरी चाललं असतं.

गावातून खबर आली ती चार-पाच दिवसांनी. माणसं सलामत होती. घराचे कौल उडाले होते, माडीची एक बाजू खाली आली होती आणि वाडीतल्या सुपाऱ्या निम्म्याहून जास्त आडव्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर ज्यांची घरं चालतात त्यांना आडवी झालेली वाडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नवं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वीज तर कित्येक आठवडे नव्हती.

मिस्टर घरी आले ते जानेवारी २०२१ मध्ये. दाढी पांढरी झालेली, वजन उतरलेलं. विलगीकरण उरकून घरात पाऊल टाकलं आणि त्या क्षणापासून माझे साठ रोजे माझ्यावर वाजिब, म्हणजे बंधनकारक, झाले. शर्तीची मन्नत अशीच असते. शर्त पुरी होण्याआधी कितीही रोजे ठेवले तरी ते त्या खात्यात धरले जात नाहीत, आणि पुरी झाली की मग ‘बघू’ म्हणायची सोय राहत नाही.

मुहूर्त मात्र वाईट होता. मार्च उजाडता उजाडता दुसरी लाट आली. लॅबमध्ये नमुन्यांचे ढीग, दोघी-तिघी कायम आजारी, आम्ही उरलेल्या दुप्पट पाळ्या करत होतो. पीपीई किट चढवून सहा-सहा तास पाण्याविना राहायचंच होतं, तेव्हा एक मैत्रीण हसून म्हणाली, “तुझे तर आपोआप होतायत.” पण ते तसं होत नाही. शाफई मसलकात फर्ज, म्हणजे रमजानसारखा सक्तीचा, असो की मन्नतीचा, प्रत्येक रोजाची नियत आदल्या रात्री, फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या वेळेच्या, आत करावी लागते. उपाशी राहिलेला दिवस म्हणजे रोजा नाही. एप्रिलच्या मध्याला रमजान लागला, तो कसाबसा पार पडला, ईदनंतर मी स्वतः पॉझिटिव्ह आले, स्टेरॉइड घ्यावे लागले, आणि बरी होऊन कामावर परतले तेव्हाही माझ्या नावावर साठच्या साठ शिल्लक होते.

साठ म्हणजे खरं तर साठ नसतात, हे बाईलाच ठाऊक. रमजानमध्ये पाळीच्या दिवसांचे रोजे सुटतात, त्यांची कजा, म्हणजे भरपाई, पुढच्या रमजानच्या आत करावी लागते. आमच्याकडे उजराशिवाय, म्हणजे तसं कारण नसताना, ती लांबवली तर कजा आहेच, वर दर रोजामागे एका गरिबाला मुदभर धान्य द्यायचं. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, साधारण सहाशे ग्रॅम. म्हणजे आधी ती कजा, मग मन्नत. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा नफील, म्हणजे ऐच्छिक, रोजे ठेवायची हौस त्या वर्षी बाजूला ठेवली. देणं अंगावर असताना दानधर्माची हौस कशाला.

सल्ले देणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. समोरच्या खाला हनफी, म्हणजे दुसऱ्या मसलकाच्या, त्या म्हणाल्या, “दहा मिस्कीनांना जेवण घाल, मोकळी हो.” नणंदेने एक व्हिडिओ पाठवला, त्यातले साहेब बोट नाचवत सांगत होते की मन्नत मोडणाऱ्याची कुठलीच इबादत कबूल होत नाही. फुफूंनी सुचवलं की साठ सलग ठेवायचे असतात, मध्ये एक जरी तुटला तरी पहिल्यापासून. एका जाऊबाईंचं म्हणणं, सहरी न करता ठेवले तर सवाब दुप्पट. सोपा रस्ता सांगणारे आणि अवघड रस्ता सांगणारे, दोघांनीही मला एक साधी गोष्ट विचारली नाही. ती विचारली आमच्या शाफई मशिदीच्या मौलानांनी.

“तुम्ही नेमकं काय बोललात? जे शब्द तोंडातून निघाले तेच सांगा.”

मिस्टर त्यांच्याशी फोनवर बोलत होते, स्पीकर चालू, मी शेजारी. मी शब्द सांगितले. मौलाना म्हणाले, “मनात आणलं होतं की उच्चारलं?” नुसतं मनात आणलेलं मन्नत होत नाही, जिभेने उच्चारावं लागतं. उच्चारलं होतं. “सलग म्हणालात?” इथे मी अडखळले. तेवढ्यात आतल्या खोलीतून आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची, ओरडली, “मम्मी साठ बोलली फक्त! मी जागी होते!” मौलानांना ते ऐकू गेलं असावं, कारण ते हसले. म्हणाले, “गवाह मिळाला. सलग बोललात नाही तर सलग लागू नाही. मुदत बोललात नाही तर मुदतही नाही. तोडून तोडून ठेवा, थंडीत ठेवा. लांबवू नका, पण जीवही काढू नका. फक्त दोन्ही ईदचे दिवस आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस नको, आणि रमजानचे रोजे यात मोजायचे नाहीत.”

दहा मिस्कीनांचं विचारलं. ते म्हणाले, तो कसम तोडल्याचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, आहे, कुराणातल्या सूरह माइदात आलेला: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, आणि ज्याला ते जमत नाही त्याने तीन रोजे. मन्नतीचा कफ्फारा तोच कसमेचा कफ्फारा, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सहीह मुस्लिम या संग्रहात आहेही. पण आपल्या मसलकात ती रागाच्या, जिद्दीच्या मन्नतीला लावतात. कुणी तणतणत म्हणालं, ‘परत त्याच्या घरी पाय ठेवला तर माझ्यावर वर्षभराचे रोजे’, तर त्याला रोजे ठेवणं किंवा कफ्फारा देणं, दोन्हीतलं एक निवडता येतं. “तुम्ही अल्लाहकडे काही मागितलंत, मिळालं, आता द्यायचं आहे. यात दहा माणसांत सुटका नाही.”

आणि मग, बहुधा माझा उतरलेला आवाज ऐकून, त्यांनी अबू इस्राईलची गोष्ट सांगितली. बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे. पैगंबर रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम खुतबा, म्हणजे प्रवचन, देत होते, एक माणूस उन्हात उभा दिसला. चौकशी केली तर कळलं, त्याने मन्नत मानली आहे की बसणार नाही, सावलीत जाणार नाही, कुणाशी बोलणार नाही आणि रोजा ठेवणार. फर्मावलं, त्याला सांगा, बोल, सावलीत जा, बस, आणि रोजा मात्र पुरा कर. “इबादत ठेवली, तकलीफ काढून टाकली,” मौलाना म्हणाले. जाऊबाईंच्या बिनसहरीच्या सल्ल्याचं उत्तर मला परस्पर मिळालं.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, ती मी नंतर वाचली आणि ती जरा लागली. नज्र, म्हणजे मन्नत, मानण्यापासून रसूलुल्लाहंनी मना केलं आहे. ती काही टाळत नाही, तिच्यामुळे फक्त कंजूषाच्या हातून काहीतरी बाहेर निघतं, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये आहे. आणि मानली की मग मात्र पुरी करायची. सूरह दहरच्या सातव्या आयतीत नेक माणसांची ओळखच ती सांगितली आहे, की ते नज्र पुरी करतात. बाजारात घासाघीस करावी तशी मी त्या रात्री केली होती, हे पोहे पाखडताना अचानक जाणवलं. पण पती नऊ महिने समुद्रावर असलेल्या बाईने त्या रात्री आणखी काय करायचं होतं, तेही मला कुणी सांगावं.

पावसाळ्यात सुरुवात केली. सोमवार-गुरुवार. आणि काही आठवड्यांतच तहान नेहमीपेक्षा वेगळी वाटायला लागली. इफ्तारनंतर दोन तांबे पाणी पिऊनही घसा कोरडा, रात्री तीन-तीनदा उठणं. मी दिवसभर लोकांच्या साखरा मोजते. एका दुपारी माझीच ट्यूब भरली आणि मशीनवर लावली. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.४. दुसऱ्यांदा लावली, ७.४ च. म्हणजे मधुमेह.

पहिल्या डॉक्टरांनी दोन औषधांची एकत्र गोळी दिली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, सकाळी नाश्त्याआधी. रोजाचं सांगितलं तर म्हणाले, सहरीला घ्या, काय फरक पडतो. फरक पडला. दुपारी चारच्या सुमारास सेंट्रिफ्यूज मशीनसमोर उभी होते, हाताला घाम फुटला, ट्यूबवरचे नंबर दोन-दोन दिसायला लागले. सहकारी मुलीने बोटातून थेंब घेतला. ६२. तिने खणातून ग्लुकोजचा पुडा काढला, मी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि मग तोंडात टाकला. तो रोजा गेला. त्याबद्दल गुन्हा नाही, कफ्फारा नाही, फक्त तो एक पुन्हा ठेवायचा. हे मला आधीच माहीत होतं, म्हणून बरं. नाहीतर ६२ साखर असताना गिळायचं की नाही यावर विचार करत बसले असते, आणि तशा बसलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत.

आमच्याच हॉस्पिटलमधल्या एका फिजिशियन मॅडमकडे गेले. त्या ब्राह्मण, पण रमजानमधल्या मधुमेह्यांचा त्यांचा हातखंडा. त्यांनी आधी विचारलं, “हे रोजे तारखेला बांधलेले आहेत का?” मौलानांसारखाच प्रश्न. नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, “मग तीन महिने थांब. आधी साखर हातात येऊ दे.” ग्लिमेपिराइड बंद केलं, कारण पोट रिकामं असलं तरी ते साखर खाली ओढतं. मेटफॉर्मिनचा मोठा डोस इफ्तारनंतर, छोटा सहरीला. रोजा असताना दुपारी आणि असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजच्या, वेळी साखर बघायची. सत्तरच्या खाली गेली की त्याच मिनिटाला सोडायचा, तीनशेच्या वर गेली तरी सोडायचा. सुई टोचून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटतो असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं आणि त्या भीतीने ते साखर तपासतच नाहीत. तुटत नाही.

थांबण्याच्या त्या महिन्यांत मौलानांना पुन्हा विचारलं, की हा आजार आयुष्यभराचा, मग मी फिदया, म्हणजे रोजाऐवजी गरिबाला धान्य, देऊन मोकळी होऊ का. ते म्हणाले, आजार आयुष्यभराचा असेल, नाइलाज आयुष्यभराचा आहे का? ज्याला पुन्हा कधी रोजा ठेवताच येणार नाही त्याच्यासाठी फिदया. “तुमच्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात?” मॅडम म्हणत होत्या, जमेल. मग संपलं. त्यांचा शब्द मौलानांनी फतव्यासारखा मानला याची मला गंमत वाटली. मॅडमना सांगितलं तर त्यांनाही वाटली.

तोवर सासूबाईंची वेगळीच मन्नत पुढे आली. त्या वादळाच्या वेळी त्यांनीही मानली होती, आम्हाला पत्ताच नव्हता: मुलगा परत आला की गावच्या दर्ग्यावर अनवाणी जाईन, चादर चढवीन आणि तिथल्या अंगणात गावातल्या गरिबांना बोकडाचं जेवण घालीन. घाटावरची माणसं याला कंदुरी म्हणतात, आणि पीराची कंदुरी हिंदूही करतात. दीर तबलीगला जाऊन आलेले, ते भडकले. दर्ग्याला मन्नत मानणं शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणं, आहे वगैरे. सासूबाई जरा म्हणून हलल्या नाहीत. “मी मागितलं अल्लालाच, गो. उभी बाबांच्या दारात होते एवढंच.”

पुन्हा मौलाना. त्यांनी चारी गोष्टी सुट्या केल्या. मन्नत अल्लाहचीच असते, वलीच्या, म्हणजे दर्ग्यातल्या संताच्या, नावाची होत नाही, आणि अम्मी तसंच म्हणतायत तर प्रश्न मिटला. चादर ही इबादत नाही, ती बंधनकारक नाही. अनवाणी चालणं नाही. दोन मुलांच्या खांद्यांवर टेकत, पाय ओढत चाललेल्या म्हाताऱ्याला बघून रसूलुल्लाहंनी विचारलं होतं, याचं काय? चालत जायची मन्नत आहे, असं कळल्यावर म्हणाले, याने स्वतःला असा त्रास देण्याची अल्लाहला गरज नाही, आणि त्याला वाहनावर बसायला सांगितलं. सासूबाईंच्या गुडघ्यांची परिस्थिती त्या म्हाताऱ्यापेक्षा वेगळी नव्हती. राहिलं बोकड आणि गरिबांचं जेवण. ते द्यायचं, आणि ज्या गावच्या गरिबांचं नाव घेतलं त्यांनाच द्यायचं. दिरांचा बेत होता की पैसे मुंब्र्याच्या मदरशात भरून टाकू, तो तिथेच बारगळला.

वाडी आडवी, घरावर निळं प्लास्टिक, आणि बोकड बारा हजारांचं. वर्षभर थांबलो. मिस्टरांचा नवा करार झाला, पहिला पगार आला, तेव्हा मी आणि मुलगी गावी गेलो. गरीब कोण हे ठरवायलाच सासूबाईंना दोन दिवस लागले, कारण वादळानंतर गावात स्वतःला गरीब न म्हणवणारे गरीबच जास्त झाले होते. शेवटी त्यांनी यादी केली, पण कुणाला दाखवली नाही. मटण शिजवून डब्यांतून भरायचं आणि मागच्या दाराने पोचवायचं असं ठरलं. यादीतल्या बाकीच्यांसाठी अंगणात पंगत.

आणि मग शिजलं. घरचं खोबरं, भाजलेला मसाला, मोठ्या टोपात चुलीवर. वास गल्लीच्या टोकापर्यंत. मन्नतीच्या जेवणातलं मन्नत मानणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना चालत नाही, ते गरिबांचं झालेलं असतं. चुलते, आत्ये, मावसभाऊ, सगळे वासावर आले होते. सासूबाईंनी एकेकाला बसवलं आणि ताटात सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. एक चुलत सासरे टोपाकडे बघत म्हणाले, “वहिनी, चव तरी बघूया, मीठ बरोबर आहे का.” सासूबाई म्हणाल्या, “ज्यांचं आहे ते बघतील.” मीठ कमी होतं, हे नंतर पंगतीतूनच कळलं.

संध्याकाळी त्या रिक्षाने दर्ग्यावर गेल्या. दिरांनी रिक्षाचे पैसे दिले आणि स्वतः बाहेर थांबले. ओढणीखाली चादर होती, ती सगळ्यांना दिसत होती. कुणी काही बोललं नाही.

माझे रोजे मात्र थंडीवर टाकले होते. मुंबईत जूनमध्ये फज्रपासून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, साडेचौदा तासांच्या वर भरतात, डिसेंबरमध्ये सव्वाबारा. दोन तास ऐकायला कमी वाटतात, पण ते दुपारी तीन ते पाचचे दोन तास आहेत असं धरा, मग कळेल. डिसेंबरात सहरी साडेपाचपर्यंत उरकली तरी चालते, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. ज्वारीची भाकरी, अंडं, दही. गोड खजूर दोनच. २०२१ ची थंडी आणि २०२२ ची थंडी, या दोन मोसमांत बहुतेक काम झालं. मधल्या शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, थोडे. पंधरा शाबाननंतर आमच्याकडे एरवी नफील रोजे नवे सुरू करत नाहीत, कजा आणि मन्नतीचे चालतात, हे तेव्हाच कळलं.

थंडीत एक अडचण होती: मगरिब सहाच्या थोडं पुढेमागे, आणि मी त्या वेळी लोकलमध्ये. मुंब्र्याला धीमीच गाडी लागते. रोजा सुटायचा तो कधी सायनला, कधी कुर्ल्याला, कधी मध्येच सिग्नलला. लेडीज डब्यात सहाच्या गर्दीत पिशवीतून खजुराची डबी काढणं म्हणजे आधी शेजारणीचं कोपर बाजूला करणं. रोजच्या बायकांना हळूहळू माहीत झालं. डोंबिवलीच्या एक बँकेतल्या मॅडम होत्या, त्या घड्याळात बघायच्या आणि माझ्याआधी सांगायच्या, “सहा सात. झाली का गं वेळ?” मोबाईलमधली अजान मी हळू आवाजात ठेवलेली, ती मला ऐकू यायची नाही, त्यांना यायची. एकदा गाडी विद्याविहारला अडकली, डबी घरी राहिली होती. टिकल्या-पिना विकणाऱ्या बाईने आपल्या टोपलीतली पाण्याची बाटली पुढे केली. पैसे विचारले तर म्हणाली, “उपासाच्या पाण्याचे कोण घेतं.” तिने बाटली परत घेतली आणि “टिकली दहा रुपये” म्हणत पुढच्या दाराकडे गेली.

लॅबमध्ये “आत्ता कसला रोजा?” विचारणंही हळूहळू बंद झालं. त्याऐवजी दुपारी कुणीतरी न सांगता ग्लुकोमीटर आणून ठेवायचं. आकडा शंभराच्या आसपास दिसला की ट्यूब लावायला परत. नव्वदच्या खाली गेला की मला खुर्चीत बसवून माझे नमुने दुसरी घ्यायची. रमजानमध्ये महल्ला जे करतो ते इथे चार बायकांनी केलं, त्यातली एकही मुसलमान नव्हती.

हिशेब मुलीकडे होता. जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ती रेघा मारायची, पाच झाल्या की आडवी. शेवटाला आले तेव्हा तिचा आकडा आणि माझा आकडा जुळेना. दोनाचा फरक. मला वाटत होतं जास्त झाले, ती म्हणत होती कमी. आम्ही मेसेज तपासले, ग्लुकोमीटरमधल्या तारखा तपासल्या, तरी एक दिवस असा निघाला की त्या दिवशी रोजा होता की नुसतीच साखर बघितली होती ते दोघींनाही आठवेना. मौलानांना मिस्टरांनी बोटीवरून मेसेज टाकला. उत्तर आलं: शंका असेल तर कमी आकडा धरा. म्हणजे गवाहाचाच आकडा. ती दोन दिवस घरात फार ऐटीत फिरली.

उरलेले दोन जानेवारीच्या शेवटी ठेवले. तीन महिन्यांची साखर तोवर ६.६ वर आली होती. मॅडम म्हणाल्या, रोजांमुळे की रात्रीचं खाणं सुधारल्यामुळे ते मला विचारू नकोस, चालू ठेव.

त्या रात्री मिस्टरांचा व्हिडिओ कॉल आला. बोट सिंगापूरच्या बाहेर नांगरून होती, नेट बरं होतं. संपले म्हटल्यावर त्यांनी मुबारकबाद दिली, मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “आणि मी आता परत कुठे अडकलो तर?”

“तर दुआ करेन,” मी म्हटलं. “नुसती. आणि कंपनीला फोन.”